भामाबाईनं हात आवरले

कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे ओळखण्यात माझी आजी भामाबाई पटाईत होती, हे आमच्या वस्तीवर अजून कुणीही सांगेल. इनामगावच्या बाजूला, घोड नदीपासून हाकेच्या अंतरावर आमची धनगरांची वस्ती. संध्याकाळी मेंढरं चरून आली की वाघरीतली, म्हणजे जाळ्याच्या कुंपणातली, शंभरेक कोकरं एकदमच ओरडायची. आजी एकेक उचलायची आणि नेमकं त्याच्या आईखाली लावायची. कधी चुकली नाही. निदान ती तरी तसं सांगते, आणि तिच्याशी वाद घालायची माझी छाती नाही.

शहाण्णव साली आजोबा गेले. चराऊ रानात ऊस उभा राहिला होता, आणि माझे वडील संपत रांजणगावला कंपनीत लागले होते. मेंढरं विकली. वडिलांना वाटलं, आता आईनं आराम करावा. आराम हा शब्द आजीला शिवीसारखा लागला. पहाटे उठून ती नुसती ओट्यावर बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "खायाला काळ आन् भुईला भार झालेय मी. असले काय आन् नसले काय." दोन वर्षं ती हेच म्हणत होती, आणि घरातले "असं बोलू नये" एवढंच म्हणत होते.

अठ्ठ्याण्णवला मी जन्मले. माझ्या आईला, सुषमाला, आई नव्हती. त्यामुळं पहिलं बाळंतपण माहेरी कासुर्डीला न होता सासरीच झालं. आजीला घबाड सापडलं. मला तेल लावणं, न्हाऊ घालणं, शेक देणं, सगळं तिचं. आईला दूध नीट येईना, तर आजीनं गाईचं दूध पातळ करून बोंडल्यानं पाजायला सुरुवात केली. आई बिचकत मला घ्यायची, मी रडायचे, की आजी लगेच, "आण हिकडं." तिच्याकडं गेले की मी गप्प. बघायला आलेल्या बाया वर तोंड करून म्हणायच्या, "सुषमा, तुझी सासू हाय म्हणून बरं. तुला काय येतंय?" या बायांना मी अजून माफ केलेलं नाही.

आई हळूहळू भिंतीकडं तोंड करून पडायला लागली. जेवण नको, वेणी नको. रडायला लागली की थांबायची नाही, आणि कशानं रडतेस ते तिला सांगता यायचं नाही. एका दुपारी मी आजीच्या मांडीवर दूध पीत होते. आई शांतपणे म्हणाली, "आत्या, पोरीला तुमी हाय. मी असले काय आन् नसले काय."

आजीच्या हातातलं बोंडलं तिथंच थांबलं. "ते तिचं बोलणं न्हवतं, माझं हुतं," ती सांगते. "दोन वर्सं मी त्येच बोलत हुते."

आणखी एक गोष्ट तिला लागली. कळपात तिचा नियम होता: आई जिवंत असताना कोकरू हातावर वाढवायचं नाही. दूध आटतं, आणि मेंढीला आपलंच पोर परकं होतं. पहिलटकरणीनं कोकरू जवळ घेतलं नाही, तर दोघांना आडोशाला ठेवायचं, गर्दी हाकलायची आणि आपण गप बसून राहायचं. आयुष्यभर पाळलेला नियम तिनं नातीपाशी मोडला होता. "मला बरं वाटत हुतं गं. कुणाला तरी मी लागत हुते." हे सांगताना ती मान खाली घालत नाही. मला तिचा अभिमान वाटतो तो याच्यासाठी.

त्या दिवसापासून तिनं आईला एकटं सोडलं नाही. उपकेंद्रातल्या नर्सबाईंना बोलावलं. बाळंतपणानंतर काहींना असं होतं, हे आजारपण आहे, असं त्या म्हणाल्या, आणि शिरूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बघायला येणाऱ्या बायांना आजीनं दारातूनच वाटेला लावलं. वडिलांनी "आता बरी हो" म्हणायचं नाही, असा हुकूम निघाला. रोज दुपारी ती आईच्या केसांना तेल लावायची आणि मला आईच्या कुशीत ठेवायची. "रडायचं तेवढं रड. पोर बी रडंल. दोघी रडा." मी रडायचे आणि आजी जागची हलायची नाही. मेंढरांमागं कोकणापर्यंत चाललेली बाई. पण तिच्या म्हणण्यानं आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम हेच. महिनाभरात आईला थोडं थोडं दूध येऊ लागलं.

न्हाऊ घालणं तेवढं राहिलं होतं. पोर हातातून निसटेल, अशी आईला धास्ती. एका सकाळी आजीनं पाणी काढून दिलं आणि न्हाणीबाहेर जाऊन बसली. आत मी किंचाळत होते. आजी दोनदा उठली, दोनदा बसली.

आतून आईची हाक आली, "आत्या, पाणी लई कढत हाय का, बघता का जरा?"

"तूच बघ की हात घालून."

मग गार पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ आईचा, मला दटावणारा: "गप की गं. मी हाय ना."