नळीचं दुसरं टोक

आमच्या भाऊजींना घरातल्या माणसांपेक्षा नळीची काळजी जास्त. मी तापाने फणफणले असताना ते दारातून विचारणार, "सुमन, माज्या नळीला कुणी हात तं लावला न्हाई ना?"

भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. जाऊबाई गेल्यावर नांदेडचं घर बंद करून ते लातूरला आमच्याकडे राहायला आले आणि व्हिडिओ बघून घरी बिअर करायला शिकले. उभ्या जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस. बरं, करून पीत होते म्हणावं तर तेही नाही. दोन घोट चाखायचे, बाकीची मित्रांना वाटायची. जीव होता तो ती आंबताना बघण्यात. कोठीत पाण्याचा मोठा जार, त्याच्या बुचातून निघालेली नळी, नळीचं दुसरं टोक बादलीतल्या पाण्यात आणि समोर स्टुलावर हे. गुडूक, गुडूक. "ऐकून राहिली का? जित्तं हाय ते."

ते सगळं शास्त्र मला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. सुरुवातीला फेस उसळतो, तेव्हा जाड नळीच हवी. फेस बसला की नळी काढून छोटी टोपी बसवायची; तिच्यात घोटभर पाणी, म्हणजे आतली हवा बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. "पयल्यांदा त्याला राग लई. रागाला वाट ठिवावी लागती." आणि माझ्या रागाचं काय? लातूरला नळाला आठवड्याने पाणी. आम्ही भाजी धुतलेलं पाणी कुंडीत ओतणारी माणसं आणि हे फेस पडला की अख्खी बादली बदलणार. वर उन्हाळ्यात टोपीतलं पाणी वाळतं म्हणून मला शाळेत फोन, "जरा येऊन पाणी घालून जाती का?" वर्ग सोडून.

सासूबाई माळकरी. भाऊजींनी मला त्यांना सांगायला लावलं होतं की ही आंबील आहे, पोटाला बरी असते.

एका दुपारी व्हायचं तेच झालं. नळी बादलीतून निसटून फरशीवर ठिबकत होती आणि ती सासूबाईंच्या नजरेला पडली. ठिबकती नळी बघून लातूरची बाई गप्प बसते होय? आमच्याकडची प्रत्येक नळी बांधतात तशी त्यांनी तीही दुमडली आणि चिंधीने करकचून बांधली. संध्याकाळी जाराचं बूच छताला जाऊन आदळलं. ज्वारीची पोती, लोणच्याच्या बरण्या, सगळं फेसाने न्हालं आणि वास घरभर सुटला. तो आंबिलीचा नव्हता.

सासूबाई ओरडल्या नाहीत. "ज्या घरात ह्ये होतंय, तिथलं पानी मी पिनार न्हाई," म्हणाल्या आणि शेजारून तांब्या भरून आणला. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी जार बांधून घेतला. "मायचा राग निवला की येतो," मला म्हणाले आणि नांदेडला निघून गेले. पुढे माझी नुसती हमाली. भाऊजी म्हणायचे, मायनं बोलावलं की येतो. त्या म्हणायच्या, त्यानं ते सोडलं की यावं. दोघंही हट्टाला पेटलेली. भाऊजींचा फोन आला की बोलणं बाजूला, फोन सरळ जाराला लावायचे. गुडूक. मी वैतागून ठेवून द्यायचे.

यंदा चैत्रात भाऊजी अचानक गेले. त्या घरचं पाणी नको म्हणून सासूबाई लातूरहून फिरकीच्या तांब्यात पाणी घेऊन निघाल्या. सगळं उरकून आम्ही नांदेडच्या घरात बसलो होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. गुडूक.

ओट्याखाली जार होता. नळी काढून टोपी बसवलेली. मला रडू फुटलं आणि संतापही आला. जातानासुद्धा माझ्यामागे काम लावून गेले होते.

सासूबाई भिंत धरत आत आल्या आणि भाऊजींच्या स्टुलावर बसल्या. वाकून टोपीत डोकावल्या.

"त्यात पानी कमी झालंय."

मी माठाकडे वळले, तशी त्यांनी तांब्याची फिरकी उघडली आणि तांब्या माझ्यापुढे धरला.

"ह्यातलं घाल. जित्तं हाय ना ते अजून?"