कांबळे सरांची वेस आणि आमची सायकल पलटण

किस्से जमवायला आम्ही कधी बसलो नाही. पण आम्ही चौघं पन्नाशी ओलांडलेले गडी, दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायांसारखे जुन्या रॉडब्रेकच्या सायकलींवर नांदेडबाहेर पडलो, की किस्से आपोआप मागे लागतात!

आमचे कमांडर जोशी सर, रिटायर्ड इतिहासशिक्षक. त्या काळी फौज सायकलवर जशी चालायची, तश्शीच चालायची, हा त्यांचा हट्ट. चढायचं, उतरायचं, पाणी प्यायचं, सगळं ऑर्डरवर!

*

या साऱ्या खटाटोपाचं मूळ म्हणजे कॉलेजातले कांबळे सर. त्यांचे आजोबा महायुद्धात सायकलवरून फौजेचं टपाल पोचवायचे. लढाई संपली आणि जळकोटकडच्या आपल्या गावी परतले, तर वेशीत सायकलवरून उतरायचं आणि गाव संपेपर्यंत ती ढकलत न्यायची. का? तर जात.

कांबळे सरांना त्याच रस्त्यानं, तशाच वर्दीत, सायकलवर बसून जायचं होतं. "एकदाच. बाकी काय नको मला," म्हणाले.

*

सायकली ओळखीच्या मिस्त्रीकडं दिल्या. जोशी सरांनी मुद्दाम मळकट हिरवा रंग सांगितला होता. आणायला गेलो, तर प्रत्येक मडगार्डवर लालभडक रेडियमची पट्टी!

"अरे, शत्रूला दिसू नये म्हणून तो रंग होता!"

"शत्रूचं सोडा सर, टिप्परवाल्याला तर दिसली पायजे न!"

पट्ट्या अजून तशाच आहेत.

*

आमच्यात खरा फौजी एकच, हवालदार शेख. पण वर्दी घालायला तयार नाहीत. पायजम्यावर येतात. जोशी सर चिडले, तर शांतपणे म्हणाले, "जिंदगीभर घातली की सर. आता घामोळं तुमाला येऊ द्या!"

*

कंधारच्या पुढं जेवायला थांबलो. लगेच ऑर्डर सुटली, "सायकली लपवा!" बाभळीच्या फांद्या तोडून वर टाकल्या. भाकरी खाऊन उठतो, तर शेळ्यांनी पाला फस्त केलेला आणि काटे आमच्या टायरांत!

शेळ्यांची मालकीण मात्र खूश. "लई बरं केलं बाबा, पाला पाडून दिलात!"

पंक्चर काढता काढता शेख म्हणाले, "दुश्मनाला काही कामच ठेवलं न्हाई आपण."

*

कांबळे सरांच्या गावची वेस समोर दिसली आणि नेमकी त्यांचीच चेन तुटली. जवळ दुसरी नाही, गावात दुकान नाही. बिघडलेली सायकल शिपायानं उतरून ढकलत न्यायची, हा जोशी सरांचा पक्का नियम.

कांबळे सर एक पाय जमिनीवर टेकून सीटवर तसेच बसलेले. चेहरा पार पडलेला.

"मी उतरत न्हाई," एवढंच म्हणाले.

जोशी सरांनी आपली सायकल माझ्या हातात दिली. शेखनी स्वतःची वेशीला टेकवली. दोघांनी मागून कॅरिअर धरलं आणि लावला जोर! कांबळे सर ताठ बसून घंटी वाजवत गावात शिरले. मी दोन सायकली सांभाळत मागं.

चावडीपाशी बसलेला एक म्हातारा ओरडला, "अहो, गाडी बिघडली तर खाली उतरा की!"

धापा टाकत जोशी सरच ओरडले, "ऑर्डर नाही!"