राईस मिलमागची सहा कार्डं

रहांगडाले गुरुजींच्या नजरेत वीरेंद्र पटले पहिल्यांदा भरला, तो सातवीत असताना. गोरेगाव तालुक्यातल्या त्यांच्या शाळेत त्या दिवशी पहिला संगणक आला होता. सगळी पोरं पडद्यासमोर रेटारेटी करत होती आणि हा एकटा मागे जाऊन डब्याला तळहात लावून उभा होता. "गुरुजी, हा तापून राहिला जी," एवढंच तो म्हणाला. पडद्यावर काय दिसतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

पुढे तो पुण्याला गेला, एका कारखान्यात लागला, आणि कोरोनाच्या साली कारखाना बसला तेव्हा गावी परत आला. येताना त्याने सहा जुनी ग्राफिक्स कार्डं आणली. ही कार्डं खरी संगणकातल्या खेळांची चित्रं काढण्यासाठी असतात. पण ती जोडून दिवसरात्र गणितं करायला लावली, तर बदल्यात इंटरनेटवरच्या चलनाचा तुकडा तुकडा मिळत जातो. गावात याला कोणी 'वीरेंद्रचा सट्टा' म्हणे, कोणी 'नोटांचा कारखाना'. दोन्ही ऐकून त्याचं डोकं फिरे.

"सट्ट्यात मेहनत नसते," तो म्हणे. "इथं मी मरून राहिलो."

मेहनत होतीच. कार्ड दुकानातून येतं तसं चालवलं, तर त्याची कमाई विजेच्या बिलातच जाते. म्हणून एकेका कार्डाचा विजेचा दाब थोडा उतरवायचा, एका भागाचा वेग कमी करायचा, स्मृतीचा वेग वाढवायचा, आणि पाहत बसायचं. कार्ड तग धरलं तर आणखी एक पायरी. कोसळलं तर मागे. सहाही कार्डं एकाच कंपनीची, पण गुण एकाचा दुसऱ्यात नाही. पहिलं निमूट ऐके. पाचवं तापट. तिसऱ्याचा तर काही नेमच नव्हता. दोन दिवस छान चालून तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी हटकून बंद पडे. वीरेंद्र ताटावरून उठे. दाराच्या मागच्या बाजूला त्याने खडूने आकडे लिहिले होते, पुसून पुसून ते दार पांढरं पडलं होतं.

घरी वीज धड नव्हती. शेतातले मोटारपंप सुरू झाले की दिवे लाल व्हायचे आणि सहाही कार्डं एकदम मान टाकायची. म्हणून शालीकराम टेंभरेंच्या राईस मिलमागची खोली त्याने घेतली. मिलचा ट्रान्सफॉर्मर वेगळा होता. मात्र तिथे कोंडा होता. हवेत, भिंतीवर, पापण्यांवर. वीरेंद्रने आईचं जुनं लुगडं खिडकीला दुहेरी ताणून बांधलं.

त्याची बायको पुष्पांजली आरोग्य उपकेंद्रात नर्स होती, पक्क्या नोकरीची. २०२२च्या एप्रिलमध्ये नागपूरच्या एका कंपनीने वीरेंद्रला बोलावलं. एक जूनला हजर व्हायचं होतं. गेला, तर तिला इथेच राहावं लागणार होतं, मुलीसह. तिने त्याला सरळ सांगितलं.

"मलेई तुमी इथंच पाहिजे. पण रोज बंद पडणाऱ्या मशीनच्या भरवशावर नाई. मे महिना पूर्ण चालू द्या. एकही दिवस बंद नको. चालली, तर मीच नागपूरले फोन करून नाई म्हणतो."

"एक महिना? मी वर्षभर चालवून दाखवतो."

"वर्ष नोको. महिना दाखवा."

एक मेला मोजणी सुरू झाली. बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकलेला. पाचवं कार्ड पंच्याऐंशी अंशांवर गेलं. वीरेंद्रने दाब आणखी उतरवला, पंखा वाढवला, काही फरक नाही. शालीकराम दारात उभे राहून हे पाहत होते.

"काऊन रे बेटा, कूलर काऊन नाई लावत?"

"काका, मशीन आहे ती, पाहुणा नाही."

"आमी कूलरबिगर जगत नाई, तं हे कसं जगन? माह्या ऑफिसमधला जुना पडून आहे, घेऊन जा."

लोखंडी कूलर आला, गवताच्या नव्या ताट्या लागल्या, टाकीत पाणी पडलं. तासाभरात पाचवं कार्ड अडुसष्टवर आलं. वीरेंद्र इतका खूश झाला की शालीकरामांच्या पाया पडला. नंतरचे दिवस कार्डं एकसुरात चालली. तिसरं कार्डसुद्धा. गुरुजी बाजाराला जाताना डोकावले, तेव्हा त्याने खडूने लिहिलेला दिवसांचा आकडा दाखवला: एकोणीस.

बाविसाव्या दिवशी दुपारी तिसरं कार्ड बंद पडलं, मागोमाग चौथं.

पुष्पांजली म्हणाली, "आजचा एक दिवस मी सोडून देतो. आज सुरू करा."

त्याने तिसऱ्याला दोष दिला. एक पायरी खाली आणलं. दोन पायऱ्या. आठवड्यांनी मिळवलेले आकडे एकेक करून पुसले. कार्डं उठत आणि तासाभरात पडत. दुसऱ्या दिवशी पाचवंही गेलं. चार दिवस तो जेवायला धड घरी आला नाही. गुरुजी समजूत घालायला गेले, तर पहिल्यांदाच त्यांच्यावर खेकसला, "गुरुजी, तुम्हाला नाही कळणार, तुम्ही जा!" आणि मग त्यांची चप्पल सरळ करून ठेवायला धावला.

पाचव्या दिवशी पुष्पांजली डबा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"इथं गाय बांधली का?"

"चेष्टा नोको करू."

"चेष्टा नाई. आंबोणासारखा वास येऊन राहिला. भिजवलेल्या कोंड्याचा."

वीरेंद्रने तिसऱ्या कार्डाचा पंखा उघडला. आत कोंडा होता, कूलरच्या ओलीने मळून, आंबून, पोळीच्या कणकेसारखा आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर चिकटलेला. सेटिंग बरोबरच होती. आकडे सगळे बरोबर होते, आणि तेच त्याने चार दिवस पुसले होते.

दोघं मिळून जुन्या टूथब्रशने आणि स्पिरिटने कार्डं पुसत बसले. तिसरं आणि पाचवं कायमचं गेलं होतं. चार उठली.

"कूलर मी कायले लावला?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "घरी मी कोंडा भिजवत नाई का? मले कसं सुचलं नाई?"

महिना संपायला पाच दिवस होते, नि मोजणी पहिल्यापासून. कंपनीला त्याने आणखी एक महिना मागितला, तो मिळाला नाही. एकतीस मेला त्याने उरलेली कार्डं पोत्यात बांधली आणि नागपूरची गाडी धरली.

सप्टेंबरात ते चलन अशा कार्डांवर काढणंच जगभर बंद झालं. शालीकराम म्हणाले, "बरं झालं वेळेवर सुटला." हे त्याला फोनवर कळलं, तेव्हा तो उसळला. "बंद झालं ते वेगळं. माझी सेटिंग बरोबर होती, एवढं त्यांना सांग." पुष्पांजलीने सांगितलं नाही.

आता त्याला नागपुरात चौथं वर्ष लागलं आहे. तो दुसऱ्यांची यंत्रं सांभाळतो. यंत्रांच्या खोलीत बारा महिने बावीस अंश असतात, म्हणून भर मेमध्ये तो डब्यासोबत स्वेटर घेऊन कामावर जातो. गावी महिन्यातून दोनदा येतो, शनिवारी दुपारी, आणि रविवारी संध्याकाळी परत जातो.