शोभनाचे पाच पिचर

माझी बायको शोभना हिला चेंडू फेकता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. लग्नाला चोवीस वर्षं झाली. एवढ्या काळात तिने माझ्या अंगावर फक्त एकदा मोबाइलचा चार्जर फेकला आणि तो बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत जाऊन पडला. तर अशी ही बाई दुबईतल्या हौशी बेसबॉल लीगमधल्या ‘बर्शा ब्लेझर्स’ची मॅनेजर आहे, आणि गेल्या उन्हाळ्यात तिने त्या टीमसाठी पिचर गोळा केले. ती हकीकत मीच सांगतो. ती सांगायला बसली तर आधी पॉवरपॉइंट काढेल.

पिचर म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा. आपल्यासारखी सहा चेंडूंनंतर दुसऱ्याची पाळी, असला प्रकार तिथे नसतो. खांदा बोलायला लागेपर्यंत एकच माणूस टाकत राहतो. मला या खेळातलं एवढंच कळतं, आणि तेही शनिवारची झोप घालवून कळलंय.

ही सगळी आमच्या वेदांगची करणी. पोरगा इथे अल बर्शातच वाढला आणि बिल्डिंगमधल्या फिलिपिनो मुलांच्या नादाने क्रिकेट सोडून बेसबॉलला लागला. चांगला पिचर झाला. शोभना प्रत्येक मॅचला पाण्याचा कूलर आणि स्कोअरची वही घेऊन हजर. दोन वर्षांपूर्वी वेदांग इंजिनिअरिंगला पुण्याला गेला तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो. पण कसलं काय. बाई टीमला सोडेनात. शेवटी कप्तान रामिलने, जो एका हॉटेलात बेकरी सांभाळतो, तिला मॅनेजरच करून टाकलं. वेदांग दिवाळीला आणि डिसेंबरच्या सुट्टीत यायचा, दोन-तीन मॅच टाकायचा, आणि टीम तेवढ्याच जिंकायची.

गेल्या मे महिन्यात सीझन संपला आणि लीगने नवा नियम काढला. एका पिचरने एका मॅचमध्ये साठच्या वर चेंडू टाकायचे नाहीत, कोवळ्या पोरांचे खांदे जातात म्हणून. त्यामुळे प्रत्येक टीमने पाच पिचरांची नावं एकतीस ऑगस्टपर्यंत नोंदवायची. नंतर बदल नाही, आणि पाच नसतील तर टीम बाहेर. आमच्याकडे होते दोन: रामिल आणि त्याचा मावसभाऊ. रामिल म्हणाला, “मॅम शोभना, खलास. टीम बंद करू.” शोभना घरी आली आणि तिने फ्रिजवर कागद लावला. एक, दोन झाले होते. तीन आणि चार रिकामे ठेवले. पाचवर लिहिलं, वेदांग.

शोभना एका शिपिंग कंपनीत एचआरमध्ये आहे. माणसं भरती करणं हा तिचा धंदाच. जुलैत इथे चव्वेचाळीस डिग्री असते, बायका-मुलं भारतात जातात आणि मागे राहतात ते नवरे. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी मॅगी. शोभनाने त्या वर्षी ठाण्याचं तिकीट काढलंच नाही. “हीच वेळ आहे मधू, सगळे मोकळे आहेत,” म्हणाली आणि मराठी क्रिकेटवाल्यांच्या ग्रुपवर जाहिरात टाकली: ‘फास्ट बोलर पाहिजेत.’

अल कूझमध्ये एका गोदामात जाळ्या लावलेली, एसी असलेली जागा आहे. पहिल्या शनिवारी सकाळी सहाला तिथे तेवीस जण आले. सगळ्यांनी लांबून धावत येऊन, हात सरळ ठेवून, सणसणीत चेंडू टाकले, आणि तेवीसच्या तेवीस जणांचे चेंडू आधी जमिनीवर आपटले. टप्पा. समोर चेंडू पकडायला बसलेल्या मावसभावाच्या नडग्या सुजल्या.

“अहो, टप्पा नको, थेट त्याच्या हातात द्या,” शोभना सांगत होती.

“वहिनी, टप्पा नाही पडला तर तो फुलटॉस होतो. समोरचा चोपून काढतो,” एक जण तिला समजावत होता.

लहानपणापासून ज्यांना टप्पा पाडायला शिकवलं, ती माणसं शोभनाने टप्पा न पाडण्यासाठी बोलावली होती. मी हसलो, म्हणून दिवसभर माझ्याशी अबोला. आठवडाभर वही चाळत बसली आणि मग म्हणाली, “माझी जाहिरातच चुकली. मला बोलर नकोतच.”

तिच्या डोक्यात महादू घोळत होता. महादू हा लिफ्ट दुरुस्त करणारा सांगलीकडचा गडी, एक्केचाळीस वर्षांचा. त्या दिवशी मित्राबरोबर नुसता आला होता आणि मागे जाऊन जाळीतून सुटलेले चेंडू परत देत होता. पन्नास पावलांवरून, थेट, पकडणाऱ्याच्या छातीत. क्रिकेटमध्ये तो जन्मभर बाउंड्रीवर उभा राहिलेला, म्हणजे कोणी विचारत नाही असा. शोभनाने त्याला बोलावून रीतसर मुलाखत घेतली. मी शेजारीच होतो.

“स्वतःबद्दल सांगा.”

“वहिनी, मी लिफ्ट दुरुस्त करतो.”

“पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?”

“गावाला.”

तिसरी जागा भरली.

चौथ्यासाठी तिने दोन आठवडे फोन केले. शारजात रोल्ला भागात एका कार्गोच्या दुकानात तुकाराम नावाचा माणूस खोकी बांधतो, पूर्वी जोरात टाकायचा, असं कोणीतरी सांगितलं. शोभना कुठलाही माणूस रेफरन्सशिवाय घेत नाही. तिने त्याच्या जुन्या कप्तानाला फोन लावला. तो म्हणाला, “माणूस सोन्यासारखा आहे हो, पण कोपर वाकतं. बोलिंग नाही, फेकी आहे ती.” शोभनाने फोन ठेवला आणि म्हणाली, “मधू, मिळाला.”

तीन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत अंपायरने तुकारामला ओव्हरच्या मध्यात थांबवलं होतं, सगळ्यांदेखत. त्यानंतर त्याने चेंडू हातात घेतला नव्हता. आमच्याकडे आला तेव्हा पुन्हा पुन्हा विचारायचा, “वहिनी, कोपर वाकलं तर चालेल ना?” शोभना म्हणाली, “वाकलंच पाहिजे. नाही वाकलं तर मी तुम्हाला काढून टाकेन.” त्या दिवशी त्याने चाळीस चेंडू टाकले. एकेक चाळीस दिरहमचा चेंडू, म्हणजे साडेनऊशे रुपयांचा, मावसभावाच्या ग्लव्हमध्ये फटाफट वाजत होता. मग तुकाराम कोपऱ्यात गेला आणि टॉवेलने बराच वेळ तोंड पुसत बसला. मी म्हटलं, उकडतंय बिचाऱ्याला. एसी फुल होता, हे नंतर लक्षात आलं.

आता माझा गुन्हा सांगतो.

जूनमध्येच वेदांगचा मला फोन आला होता. कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये तो पार बुडाला होता. दिवाळीत तालमी, डिसेंबरात स्पर्धा, फेब्रुवारीत आणखी काहीतरी. “बाबा, आय हॅवन्ट टच्ड अ बॉल सिन्स मार्च. आय कान्ट टेल हर. यू टेल.” मी म्हणालो, बघतो. मी विमा कंपनीत क्लेम बघतो. तुमचा क्लेम नामंजूर झाला आहे, हे रोज दहा जणांना बिनदिक्कत कळवतो. पण घरात पाय टाकला की माझं मांजर होतं. आज सांगू, उद्या सांगू करत ऑगस्ट आला, आणि फ्रिजवर पाच नंबरला पोराचं नाव तसंच होतं.

त्यात अरफा आली. अल ऐनला युनिव्हर्सिटीत शिकणारी, वीस वर्षांची, कुटुंब मूळचं दापोलीचं. दोन टीमनी तिला ‘लिस्ट फुल आहे’ सांगून परत पाठवलं होतं. तिचे अब्बा पहाटे दीड तास गाडी चालवून तिला घेऊन आले आणि थर्मास घेऊन भिंतीला टेकून बसले. पोरगी डावरी. चेंडू काही जोरात नाही, पण बॅटजवळ आला की असा खाली बसायचा की रामिलने सलग अकरा वेळा हवेत बॅट फिरवली. रामिलने शोभनाकडे बघितलं. शोभनाने वहीकडे बघितलं.

“जागा नाही गं,” ती म्हणाली. “पाचवी भरलेली आहे.”

“इट्स ओके, आंटी. कॅन आय स्टिल कम?”

आणि ती येत राहिली. ऑगस्टचे चारही शनिवार. अब्बा प्रत्येक वेळी निघताना म्हणायचे, “ताई, काय उमेद असेल तर कळवा हां. नसली तरी कळवा.” मला त्यांच्याकडे बघवेना. रिकाम्या जागेसाठी एक पोरगी अल ऐनहून येते आहे, आणि ती जागा रिकामी आहे हे टीममध्ये फक्त मला माहीत. लाज वाटायची स्वतःची.

एकतीस ऑगस्टला दुपारी शोभना डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसली. चार नावं भरली. पाचव्या चौकटीपाशी थांबली. मी तीनदा पाणी प्यायलो आणि मग एका दमात सगळं ओकलो. नाटक, तालमी, जूनमधला फोन, सगळं. म्हटलं, आता चार्जर येतो अंगावर.

ती स्क्रीनकडेच बघत राहिली. “माहितीये मला,” म्हणाली.

“त्याने सांगितलं?”

“तो कशाला सांगतोय, तुझाच मुलगा तो. जुलैत मी त्याच्याकडून पिचिंगचा व्हिडिओ मागवला होता. तीन चेंडू टाकून पाठवले त्याने. अरे, दहा वर्षं तो हात बघत्येय मी. महिनोन्‌महिने चेंडू न धरलेला हात मला ओळखू येणार नाही?”

“मग त्या अरफाला कशाला टांगून ठेवलंस?”

यावर ती चिडेल असं वाटलं होतं. पण ती रडायला लागली, अगदी सरळ, तोंड न झाकता. “लिस्टवर नाव असलं की वाटतं, तो दिवाळीला येतोय,” ती म्हणाली. “नाव काढलं की मग कशाला येईल तो?”

मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. माझ्याही पोटात तेच होतं. म्हणून तर अडीच महिने तोंड उघडलं नव्हतं मी, नुसता भित्रेपणा नव्हता तो. हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं आणि मी तिला तसं सांगितलं.

मग तिने डोळे पुसले आणि पुण्याला फोन लावला. स्पीकरवर.

“नाटकात काय काम आहे तुझं?”

“बाबांनी सांगितलं? लाइट्स करतो, आई.”

“नुसते लाइट्स?”

“आई, इट्स अ बिग थिंग. द होल प्ले डिपेंड्स ऑन इट.”

“मग नीट कर. तुझ्या जागी मी एक मुलगी घेते आहे.”

त्यालाही लागलं असावं. बारीक आवाजात म्हणाला, “इज शी गुड?”

“तुझ्यापेक्षा चांगली आहे,” शोभना म्हणाली, आणि तिने अरफाचं नाव टाइप करून फॉर्म पाठवून दिला. अल ऐनला फोन केला तेव्हा अब्बांनी तिथूनच पोरीला हाक मारून सांगितलं. मग म्हणाले, “ताई, ती काय ऐकायची नाय आता, पळत सुटलीय घरभर.”

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी पहिली मॅच झाली. तुकारामने सुरुवात केली, महादूने मधला भाग सांभाळला आणि शेवटी एका धावेने पुढे असताना अरफा चेंडू टाकायला उतरली. शोभना कुंपणाला चिकटून उभी होती, वही उघडी. तेवढ्यात बाकावर पडलेला तिचा फोन वाजला. वेदांग. एरवी त्याचा फोन दुसऱ्या रिंगच्या आत उचलणारी बाई. मी तिला हाक मारली, फोन दाखवला. तिने मान वळवून नाव वाचलं आणि पुन्हा मैदानाकडे बघायला लागली.

मीच उचलला.

“आई कुठंय?” त्याने विचारलं.

“कामात आहे,” मी म्हणालो. “नंतर कर.”