दाताच्या खुर्चीचं अर्थिंग

आमच्या गल्लीतल्या वायरमनला सगळे 'हातोडा' म्हणतात. भिंत असो, बोर्ड असो की शेजारी, पहिली ओळख तो मुक्क्यानेच करून घेतो. एकदा अडलेला पंखा त्याने असा बदडला, की बिचारा माफी मागत फिरू लागला.

त्याच्या धाकट्या बहिणीने दातांचा दवाखाना काढला, तेव्हा वायरिंग अर्थातच दादाचं.

"दादा, इथे तोंड ओलं, तोंडात लोखंड आणि माणूस आडवा. खुर्चीची हिरवी, अर्थिंगची वायरसुद्धा थेट बोर्डापर्यंत गेली पाहिजे हं."

"मला शिकवतेस? तुला सायकल कोणी शिकवली?"

सॉकेटच्या हिरव्या वायरी त्याने बोर्डापर्यंत नेल्या. खुर्चीसाठी मात्र नवी कोरी फरशी फोडावी लागणार होती. आयुष्यात फोडाफोडी टाळायची बुद्धी त्याला नेमकी तिथे झाली. ती वायर त्याने शेजारच्या लोखंडी नळाला आवळली. जुने वायरमन घराघरांत तेच करत. पुढे नळ गळायला लागला, म्हणून त्याच्या जिगरी दोस्ताने, म्हणजे प्लंबरने, जमिनीतला तुकडा प्लॅस्टिकचा बसवला. प्लॅस्टिकमधून करंट जमिनीत जात नाही, म्हणजे आता अर्थिंग नावापुरतं उरलं, आणि हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मग एक दिवस खुर्चीवरच्या दिव्याची वायर आतल्या आत घासून उघडी पडली आणि दिव्याच्या लोखंडी दांडीला टेकली. खुर्चीत होता एक दांडगा ट्रकवाला. चपला दाराबाहेर, एक अनवाणी पाय नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. डोळ्यांवरचा दिवा सरकवायला त्याने दांडी धरली, आणि दांडीने त्याला धरलं. अंग धनुष्यासारखं ताणलं. लाथेने ट्रे उडाला, चिमटे भिंतीवर आदळले, गुडघ्याने डॉक्टरीणबाईंचा ओठ फाडला.

हातोडा दारावर बेल बसवत होता. मेन स्विच जिन्याखाली, तिथवर जायला वेळ कुठला? त्याने लाकडी स्टूल उचललं आणि ट्रकवाल्याच्या मनगटावर हाणलं. हाड कडाडलं, पण पकड सुटली.

ट्रकवाल्याने श्वास घेतला आणि उरलेल्या हाताने हातोड्याच्या थोबाडीत ठेवून दिली. हातोड्याला आता कुठे तो प्लॅस्टिकचा तुकडा आठवला, आणि तो उठला तो थेट प्लंबरकडे. त्याची गचांडी धरून दवाखान्यात आणलं.

"नळ कोणी बदलला रे, गाढवा?"

"आणि नळाला वायर कोणी बांधली, शहाण्या?"

दोघे एकमेकांना बुकलत जिन्यावरून गडगडले. खाली पोचेपर्यंत एकाचं नाक फुटलं, दुसऱ्याची बरगडी मोडली.

वर बहीण ओठावर रक्ताळलेला रुमाल दाबून उभी होती. "झालं मारून? दादा, तो माणूस माझ्या हाताखाली मेला असता."

हातोड्याने मोडक्या बरगडीनिशी फरशी फोडली, वायर बोर्डापर्यंत नेली, दिवा नवा बसवला, मीटर लावून सगळं तपासलं. पण बातमी गावभर झाली होती. दवाखान्यात चिटपाखरू फिरकेना. बहीण रोज खुर्ची पुसायची आणि घरी जायची.

शेवटी आला तो ट्रकवालाच. हात प्लॅस्टरमध्ये, गाल सुजलेला, मागे दहा बघे.

"बाई, दात तुम्हीच काढा. पण आधी ह्याला बसवा."

हातोडा बसला. अनवाणी पाय ओल्या फरशीवर, दांडी मुठीत, डोळे घट्ट मिटलेले. काहीच झालं नाही.

"उठू?"

"थांब. तुझी दाढ किडलीय." बहिणीने इंजेक्शन भरलं.

किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. बघे दोन पावलं मागे सरले. ट्रकवाला मात्र पुढे वाकून नीट बघत होता.

"करंट नाही ना? मग बोंबलतोस कशाला? ऊठ, माझा नंबर."