‘ढ’खालचं टिंब

नवं राज्य झालं त्या हिवाळ्यात माझा उजवा खांदा गेला. सांधा आखडला होता आणि सदरा घालतानाही डोळ्यांत पाणी यायचं. तात्यापारा या आमच्या मराठी वस्तीतल्या दवाखान्यात मी रोज व्यायाम म्हणून भिंतीवर बोटं वर चढवायचो. शेजारी हाच विकार झालेला एक पेंटर असायचा. त्याच्या नखांत लाल रंग असे.

तेव्हा शहरभर भिंतींवरचं ‘मध्यप्रदेश’ पुसून ‘छत्तीसगढ़’ लिहिणं चाललं होतं. मंत्री रोज कशाची तरी फीत कापत.

“उमरभरात असं काम नाही आलं, भाऊ, आन माहा हात छातीच्या वर जात नाही,” तो म्हणाला. “ठेकेदार दुसऱ्याइले लावून राहिला.”

एका सकाळी तो हसतच आला. घाईत त्या दुसऱ्यांनी हिंदीत ‘ढ’खाली देतात ते टिंब सोडलं होतं आणि कोण्या साहेबानं ते पकडलं होतं.

“थे काम मले भेटलं.”

“हात पुरतो?”

“हव. अक्षरं वर असतात, टिंब खाली असते.”

महिनाभर त्यानं सरकारी भिंतींना टिंबं दिली. मग त्याची बोटं माझ्या पुढे चढली, आणि एक दिवस तो यायचाच थांबला. नाव विचारायचं राहिलं.

माझा खांदा सुधारायला दीड वर्ष गेलं. एका जुन्या कचेरीच्या भिंतीवर ती अक्षरं आता फिकी झालीत, टिंब मात्र लाल आहे. तिथून जाताना मी हात वर नेऊन पाहतो. लोकांना वाटतं, कचेरीला सलाम करतोय.