दोन नावं, एकच अवतरण

पोलादपूरच्या बाजूच्या गावातून महाडला येणाऱ्या एका कॉम्प्युटर ऑपरेटर मुलीवर अन्याय झाला. सोमवारी, पहिल्या पाळीला, औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीच्या गेटवर, दोन बसभर कामगारांसमोर. "हिनंच डाटा पुसलान," असं तिचा मालक ओरडला आणि तिथूनच तिला घरी पाठवलं.

कंपनीला बस पुरवणारे दोघे भाऊ; ती यांच्याकडे कामाला, आणि ओरडला तो थोरला. थोरला महाडची लाइन बघतो, धाकटा पोलादपूरची. वाटणी झाली तेव्हा भांडीकुंडी वाटावीत तसे कॉम्प्युटरमधले कप्पेही वाटले गेले. महाडच्या बसचे पास एका कप्प्यात, पोलादपूरचे दुसऱ्यात. गेटवर पास तपासणाऱ्या मशीनला एवढंच सांगून ठेवलेलं: आधी 'महाड'मध्ये शोध, मग 'पोलादपूर'मध्ये. शनिवारी नवा सर्व्हर आला. मुलीने डेटाबेस सांभाळायचं टूल उघडलं, जुन्या सेटिंगचा एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायचे लेखी हुकूम, टूलकडूनच बनवून घेतला आणि नव्या सर्व्हरवर चालवला. टूल म्हणालं, यशस्वी. सोमवारी मशीनने लॉगिन केलं आणि उत्तर आलं: पासचं टेबल, म्हणजे पासांची यादीच, अस्तित्वात नाही.

"आमी रोज येतंव, आज भुतं झालो काय रे?" एक कामगार म्हणाला. लोक हसले. थोरला हसला नाही. मुलगी धाकट्याच्या लाइनवरच्या गावची, म्हणजे धाकट्याचीच माणूस, हा हिशोब त्याच्या डोक्यात तयारच होता. आणि धाकटा? तो मोबाइलमध्ये बघत उभा राहिला.

मी कामगारांची पत्रकं लिहितो आणि पोटासाठी बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. आदल्याच आठवड्यात या मुलीने बसमध्ये बायकांसाठी पुढच्या जागा मागितल्या होत्या. म्हणून मला पहिला संशय मालकाचा आला. अशा मुलीला काढायला याहून सोयीचं निमित्त कुठलं? पत्रकाचा मथळासुद्धा मनात तयार होता. तरी त्याच दुपारी आधी तिलाच गाठलं.

"दादा, मी काय नाय पुसलं. पण मशीन तर नाय म्हणतंय," ती म्हणाली. तिचाच स्वतःवरचा विश्वास उडायला लागला होता. मला सगळ्यात जास्त राग त्याचा आला.

तिला घेऊन धाकट्याच्या ऑफिसात बसलो. टूलमध्ये बघितलं तर दोन्ही कप्पे जागच्या जागी. कप्प्याचं नाव लावून टेबल मागितलं की सगळे पास समोर. मग मशीनलाच का दिसत नाहीत? ज्याने हे टूल बसवून दिलं होतं त्या पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "एसक्यूएल टूलने बनवलाय ना? मग त्यात चूक कशी असेल?" या वाक्याचाच मला संशय आला. शनिवारचा एसक्यूएल काढून ओळ न् ओळ वाचला. शोधायच्या क्रमाच्या सेटिंगपुढे लिहिलं होतं:

'महाड, पोलादपूर'

बाकीच्या सेटिंगना एकच किंमत असते, तिच्याभोवती अवतरणचिन्हं घातली की झालं. इथे यादी होती. प्रत्येक नावाला स्वतःची चिन्हं हवी होती. टूलने सगळ्यांना एकाच मापाने मोजलं आणि डेटाबेसने स्वल्पविरामासकट सगळं एकच नाव धरलं. त्या नावाचा कप्पा कुठेच नव्हता. आणि नसलेला कप्पा शोधक्रमात घातला तर हा डेटाबेस तक्रारसुद्धा करत नाही! मुकाट पुढे जातो, आणि टेबल नाही म्हणून सांगतो. बोट माणसाकडे जातं.

ती ओळ सुधारली. दोन नावं, दोघांना वेगवेगळी चिन्हं. मशीनने पुन्हा लॉगिन केलं, पास दिसले.

"बगा, दोगा भावांना एका खोलीत कोंडलंनीत, म्हणून बिघडलं," धाकटा हसत म्हणाला. आत्ता बरं तोंड उघडलं याचं.

थोरल्यालाही बोलावून ती ओळ दाखवली. तो म्हणाला, "बरं मग, झालं तर! उद्यापास्नं ये गो कामावर."

"तसं नाय, शेठ," ती म्हणाली. "गेटवर बोललाव ना? मग गेटवरच सांगा, हिनं काय पुसलं नव्हतं म्हणून."

थोरला उठला आणि बाहेर निघून गेला. हे लिहितोय तोवर गेटवर तो काही बोललेला नाही. ती कामावर गेलेली नाही. बसमध्ये तिला अजून 'डाटा पुसणारी'च म्हणतात. सॉफ्टवेअरवाल्याने मला नंतर सांगितलं, "असं होतं कधी कधी, माहितीये आम्हाला." माहीत होतं, तर सोमवारी गप्प का बसलात?

तुम्ही त्या बसने जात असाल तर उद्या गेटवर थोरल्याला सगळ्यांसमोर विचारा: ती ओळ कोणी लिहिली होती? तो उत्तर देईपर्यंत पास दाखवून आत जाऊ नका.